खिडकीत ठेवलेली डबी

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाला डोंगराच्या कडेवर घर घेतलं की खालची एखादी खोली उतारात खणलेली असते. तीन भिंतींपलीकडे नुसती माती. माझ्या मित्राच्या घरी त्या खोलीत त्याची आई राहायची. नातवंडांसाठी वर्षभर आलेली. "सेपरेट बाथरूम आहे, जिना चढायला नको," असं तो अभिमानानं सांगायचा.

रेडॉन हा शब्द मी युनीत, म्हणजे इथल्या विद्यापीठात, आल्यावर ऐकला. जमिनीतून झिरपणारा वायू, वास नाही, रंग नाही, पण वर्षानुवर्षं छातीत जात राहिला तर कॅन्सरचा धोका वाढतो. माझ्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. तालुक्याच्या शाळेतले विज्ञानाचे सर मात्र "आधी मोजा, मग बोला" म्हणायचे, आणि त्या एका वाक्यावर मी इथवर आलो. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर मीच पुढाकार घेऊन आम्हा काही मराठी घरांसाठी चाचणीच्या डब्या मागवल्या. मुठीत मावणारी काळी डबी. राहत्या खोल्यांतल्या सर्वांत खालच्या खोलीत तीन महिने ठेवायची, खिडक्या रोजच्यासारख्याच, मग पोस्टानं प्रयोगशाळेत पाठवायची. यात चुकण्यासारखं काय आहे?

मित्र पुण्याच्या नामांकित कॉलेजचा इंजिनियर. त्यानं डबी वरच्या हॉलमध्ये, सताड उघड्या खिडकीत ठेवली. मी गेलो तेव्हा घरातले सगळे जॅकेट घालून टीव्ही बघत होते.

"खाली का नाही ठेवलीस?"

"अरे, खाली हवा कोंडलेली असते. रीडिंग खराब येईल ना!"

मला वाटलं गंमत करतोय. पण नाही. एजंट भाड्याच्या घराच्या इन्स्पेक्शनला येण्याआधी लोक ओव्हन घासतात, तसं त्यानं घर तयार केलं होतं. जन्मभर पेपर सोडवून पुढे आलेल्या माणसाला मोजणं आणि मार्क मिळवणं एकच वाटतं. अशा हुशारीची मला किळस येते.

तीन महिन्यांनी आकडा अर्थातच छान आला. त्यानं ग्रुपवर टाकलं, "ऑल क्लिअर, मेट!" पाठोपाठ अंगठे. दोन घरांनी तर आपल्या डब्या उघडल्याच नाहीत. सगळे पदवीधर!

माझ्याकडची जास्तीची डबी घेऊन मी त्याच्या घरी गेलो. काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, सगळं सांगितलं. इथल्या बहुतेक घरांत हा वायू कमीच असतो, हेही सांगितलं. पण तुमच्या खोलीत किती आहे, ते कुणालाच माहीत नाही.

"आई, हा उगाच घाबरवतोय," मित्र म्हणाला. "ऑस्ट्रेलियात असलं काही नसतं."

"मग मी खाली झोपू?"

"झोप की! काही होत नाही."

"बरं. मग असं कर, डबीचा निकाल येईपर्यंत तू झोप खाली. मी तुझ्या खोलीत झोपते."

तो हसला. काकू हसल्या नाहीत.

"आई, माझी पाठ... तो बेड मऊ आहे गं."

"मला चालला इतके महिने."

मी खाली जाऊन डबी काकूंच्या उशाजवळच्या फळीवर ठेवली. वर आलो तेव्हा तो आपल्या वर्क फ्रॉम होमच्या खोलीतून मॉनिटर आणि खुर्ची बाहेर काढत होता. तिथं आईचा बिछाना लागला. खालच्या खोलीत झोपायला तो एकदाही गेला नाही.