शेवटचं काज

आमच्या धाकट्या आत्याइतक्या अर्धवट विद्या येणारं माणूस कर्जत-खालापूर मिळून दुसरं झालं नाही, हे मी पैजेवर सांगतो. ती सदरे झकास शिवायची, पण काजं करत नसे. आळीतले पुरुष तिचे सदरे टाचण्या लावून घालत. टायपिंग यायचं, फक्त आकडे सोडून. मोरंबा शिकली, पण पाक कधी उतरवायचा तो धडा बुडवला, त्यामुळे मोरंबा हवा असेल तर बरणी फोडावी लागे. प्रथमोपचारात पट्टी छान गुंडाळी, गाठ मारणं तेवढं राहिलेलं. टोक जखमी माणसानंच धरून बसायचं.

याचं कारण असं, की मॅट्रिक झाली त्याच जूनमध्ये तिला विषमज्वर झाला आणि कॉलेजचं वर्ष हुकलं. कळंबला भातशेतीवर चालणारं आमचं घर. नादारी, म्हणजे फीमाफी, मिळाली तर पुढल्या साली कॉलेज, नाहीतर लग्न, असं आजोबांनी सांगून टाकलं होतं. पण घरात नुसती बसून राहील तर ती आत्या कसली! कर्जतला निघेल तो छोटा वर्ग तिनं धरला. तेवढ्यात शेलूचे एक लांबचे काका आले. सरकारी कारभारातलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज होता. सुपारी कातरत त्यांनी सांगितलं, की मधल्या वर्षात एक जरी कोर्स पुरा केलास तर सरकार तुला शिकलेली धरतं, मग नादारी विसर. आत्यानं ते वेदवाक्य मानलं आणि प्रत्येक वर्ग शेवटच्या धड्याआधी सोडला. कुणी विचारलं तर म्हणे, घरी पाहुणे आलेत. त्या वर्षी आमच्याकडे तिनं आणले तेवढे पाहुणे खरंच येते, तर जेवायला भांडी पुरली नसती.

जून उजाडला. कॉलेजातल्या कारकुनानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की असल्या कोर्सांचा नादारीशी काडीचा संबंध नाही. उलट मधलं वर्ष कशात घालवलं त्याचा एखादा दाखला आणा, म्हणजे अर्ज पुढे जाईल. दाखला तर एकही नव्हता. ओटीवर बसलेले आजोबा एवढंच म्हणाले, "नाय तर नाय. स्थळ बगाया लागू."

आत्या रडली नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं शिवणाच्या बाईंकडे गेली आणि खरं काय ते सांगून मोकळी झाली. बाई पोट धरून हसल्या म्हणे. मग म्हणाल्या, काजं करून दाखव, लगेच दाखला देते. आत्यानं आळीतले सगळे सदरे अंगावरून उतरवून घेतले. पुरुषमंडळी उघडी बसून राहिली आणि ही बोटं टोचून घेत काजं घालत राहिली. दाखला मिळाला, नादारीही मिळाली. पुढे ती खोपोलीला शाळेत शिकवायला लागली.

खोड मात्र गेली नाही ती नाहीच. कपात घोटभर चहा ठेवायची, सिनेमा संपायच्या आधी उठायची. मी चिडवायचो, आत्या, आता कुठली नादारी बुडणार आहे? एकदा मात्र ती हसली नाही. म्हणाली, "शेवट झाला की लोक आपल्याला घरी धाडतात रं. थोडं ऱ्हाऊ दिलं, तर परत येता येतं."

शेवटची आली तेव्हा माझ्यासाठी सदरा शिवून आणला होता. काजं अगदी रेखीव, फक्त गळ्याजवळचं एक केलेलं नव्हतं. मी दाखवलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, पुढल्या खेपेला." आणि एस्टी गाठायला निघाली.

ती खेप झाली नाही. मध्यंतरी बायकोनं तो सदरा शिंप्याकडे दिला होता. मी धावत जाऊन परत आणला. गळ्याशी टाचणी लावून घालतो.