हाडीच्या वाटेवरचा हत्ती

माझी हत्तीची गोष्ट तुमच्या कानावर आली असेलच. मैसूरात आमच्या गल्लीत, भावाच्या मेटगळ्ळीच्या कारखान्यात, माझ्या निवृत्तीच्या समारंभात — अर्ध्या जिल्ह्याने ती ऐकली आहे, आणि उरलेला अर्धा जिल्हा मला गाठता आला नाही एवढंच. पण तिचा एक तुकडा मी आजवर कुणापुढे काढलेला नाही. बायकोपुढेही नाही. आज काढतो. का ते विचारू नका.

आमचे पणजोबा मैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. आजोबा सांगायचे, त्यांनी एका लढाईत तीन माणसं लोळवली. वडिलांच्या तोंडी ती सात झाली. मी ती एकवीसवर नेली आणि घोडाही पांढरा केला. म्हणजे फुगवून सांगणं आमच्या रक्तातच — नाही, थांबा. याला कारण म्हणून धरू नका. रक्ताचा काही दोष नाही.

मी शिक्षक झालो, एच. डी. कोटेच्या पलीकडच्या एका सरकारी शाळेत. थोरला भाऊ कारखान्यात. त्याला बोनस, मला नमस्कार. नमस्कार मात्र ढीगभर हं! बसमध्ये पांढऱ्या केसांची माणसं उठून जागा द्यायची, संतेत, म्हणजे आठवडी बाजारात, बायका निवडून टोमॅटो घालायच्या. वर्गात माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. पण सरकारच्या लेखी शिक्षक म्हणजे हाताशी असलेला मोजणारा. माणसं मोजा, मतदार मोजा, गुरं मोजा. शिकवायचं कधी? मधल्या वेळात. शनिवारी घरी आलो की भाऊ सगळ्यांसमोर विचारायचा, "काय मास्तर, या आठवड्यात काय मोजलंस? म्हशी की विहिरी?" सगळे हसायचे. मी सगळ्यांत मोठ्याने.

त्या वर्षी शाळेच्या वयाची मुलं मोजायची होती. माझ्या वाट्याला एक हाडी आली — हाडी म्हणजे जंगलातल्या लोकांची वस्ती, वीसेक झोपड्यांची. कबिनीच्या धरणाचं पाणी चढलं तशी ती वर डोंगराकडे सरकली होती. तिथल्या लोकांनी शाळा मागितली होती. माझ्या कागदावर मुलांचा आकडा पडला, की तिथे एक शिक्षक मिळणार होता. आकडा नाही, तर शाळा नाही. इतकं सरळ होतं ते.

शुक्रवारी सकाळी निघालो. हातात छत्री, पिशवीत कागद, पुढे नऊ मैलांचा चढ. फाट्यावर मैसूरची बस उभी होती. खिडकीची जागा रिकामी होती. मी चढलो. आजारी होतो का? घरी काही अडलं होतं का? छे. सुम्मने चढलो, काही कारण नसताना. दोन दिवस घरी जेवलो आणि लोळलो.

सोमवारी हेडमास्तरांनी विचारलं, "हाडीचा कागद?" आणि माझ्या तोंडातून हत्ती बाहेर पडला.

काय हत्ती होता तो! दसऱ्याच्या अंबारीचा हत्ती त्याच्यापुढे वासरू. एकच सुळा, तोही वाकडा. मी चपला हातात घेऊन दोन मैल पळालो, छत्री तिथेच टाकली, तिचा मोडल्याचा आवाज मागून ऐकला. हेडमास्तर देवमाणूस. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. "जीव महत्त्वाचा," म्हणाले. "यंदा शून्य लिहा. पुढच्या वर्षी बघू." मी शून्य लिहिलं. छान गोल आलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या शिक्षकाची पाळी आली, त्यानेही हत्तीचं नाव काढलं आणि शून्य लिहिलं. त्याच्या पुढच्याने त्याचं बघून लिहिलं. वाट माझ्या हत्तीने अडवली होती, ती कोण ओलांडणार?

हत्ती खोटा होता, हे तुम्ही ओळखलंच असेल. मी लबाड माणूस आहे, ठाऊक आहे तुम्हाला. पण मी लपवलं ते हे नव्हे.

शून्य लिहून तीन आठवडे झाले होते. कागद तालुक्याच्या कचेरीत पडून होते, दुरुस्ती करायची मुदत अजून होती. दुपारच्या सुट्टीत हाडीचा एक माणूस शाळेत आला. केंचय्या त्याचं नाव. शाळेसाठी अर्ज करणारा हाच. नऊ मैल चालत आला होता. व्हरांड्याच्या पायरीखालीच उभा राहिला, वर ये म्हटलं तरी येईना. हातात नवी छत्री, दुकानाचा कागद अजून गुंडाळलेला.

"मेष्ट्रे," म्हणाला — इकडे मास्तरांना मेष्ट्रु म्हणतात — "आमच्याकडे येताना तुम्हाला त्रास झाला. तुमची छत्री आम्ही दोन दिवस शोधली. नाही मिळाली. ही सगळ्यांनी मिळून आणली."

तो पुढे म्हणाला, "त्या अंगाला हत्ती येत नाही कधी. माझा जन्म तिथला. पण मेष्ट्रु सांगतात म्हणजे आला असणार. आमचंच लक्ष नव्हतं."

कळलं का तुम्हाला? मला माझा फळा ठाऊक, त्याहून जास्त ज्या माणसाला हत्तीची वाट ठाऊक, त्याने स्वतःचे डोळे खोटे ठरवले. कारण मी मास्तर होतो. जन्मभर ज्या नमस्काराची मी चेष्टा केली, तो हा.

माझी जुनी छत्री त्या वेळी आत वर्गात खुंटीला होती. मी हात पुढे केला आणि नवी घेतली.

मग तो म्हणाला, "तुम्ही परत येऊ नका. जिवाला धोका नको. मी मुलांची नावं इथेच सांगतो, तुम्ही लिहून घ्या." आणि बोटांवर मोजत तो सांगू लागला. नाव, बापाचं नाव, वय. वय ठाऊक नसेल तिथे हाताने उंची दाखवून. मी वही उघडली. पण ती नावं हेडमास्तरांकडे गेली असती, तर ते पहिला प्रश्न विचारणार होते — हा माणूस त्याच वाटेने चालत आला, मग तुम्हालाच कसा हत्ती भेटला? म्हणून मी पेन्सिल नुसती फिरवत राहिलो. रेघोट्या. त्याला वाचता येत नव्हतं. तो मात्र मध्ये मध्ये थांबत होता, माझी पेन्सिल मागे पडू नये म्हणून.

शेवटी हात जोडून तो गेला. मी नोकरीत असेपर्यंत त्या हाडीला शाळा मिळाली नाही.

ती नावं मी तुम्हाला आता सांगू शकेन. हा हा म्हणता रचीन, वयांसकट, उंचीसकट, आणि तुम्हाला ती पटतीलही. पण मला ती आठवत नाहीत. किती होती, तेही नाही. मी लिहून घेतलीच नव्हती.