मामाच्या मोतीबिंदूची तिसरी तारीख

मामाला आम्ही पहिल्यांदा ऑपरेशनला नेलं ते खोटं बोलून. त्यात आम्हाला काही गैर वाटलं नव्हतं. आमच्या घरात माणसाला त्याच्या स्वतःच्या शरीराबद्दल सगळ्यात शेवटी सांगायची पद्धत आहे. आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन ‘पोटाची तपासणी’ या नावाखाली उरकलं होतं, आणि शुद्धीवर आल्यावर त्यांनी तपासणी फारच कसून झाल्याचं मत दिलं होतं.

मामीने मला फोनवर बजावलं, “ह्यांना काही बोलू नकोस हं. डोळे तपासायला चाललोय, एवढंच. तिथे गेल्यावर काय ते डॉक्टर बघतील.”

मामा तेव्हा बहात्तर वर्षांचा होता. हिंदमाताच्या कापडबाजारातल्या एका दुकानात त्याने पंचेचाळीस वर्षं साड्या दाखवल्या होत्या आणि अजूनही डिलाईल रोडच्या चाळीतून रोज दुपारी चार तास तो तिथे जायचा. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं आणि समोरच्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत घडी उलगडायची, हे त्याचं काम. मोरपंखी आणि रामा या दोन निळ्या-हिरव्या रंगांतला फरक तो दुकानाच्या दुसऱ्या टोकावरून सांगायचा. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला, आणि संक्रांतीसाठी काळी साडी मागणाऱ्या एका बाईंना त्याने गडद हिरवी दिली. त्यांनीही त्याच्यावर विश्वास ठेवून ती नेली. घरी गेल्यावर उजेडात रंग कळला.

शेठ मामाला काही बोलला नाही. फक्त त्याला गादीवरून उठवून दाराजवळच्या खुर्चीत बसवलं. येणाऱ्या बायकांना “या ताई, बसा” म्हणायचं.

“मी काय वॉचमन आहे?” मामा घरी येऊन म्हणाला. तो जेवला, पण भाजीला नावं ठेवली नाहीत. मामीने त्याच आठवड्यात परळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तारीख घेतली.

दवाखाना चांगला होता. इथे सकाळी आत जायचं आणि दुपारी जेवायला घरी. वेटिंग रूमच्या भिंतीवर सर्जनसाहेबांचे बरेच फोटो होते आणि प्रत्येकात कोणीतरी त्यांना शाल पांघरत होतं. इतक्या शाली परळच्या हवेत माणूस वापरतो कधी, असा मला प्रश्न पडला. टीव्हीवर एक गोरं जोडपं हिरव्या कुरणातून पळत होतं. दर चार मिनिटांनी ते पुन्हा पहिल्यापासून पळायला लागायचं. मोतीबिंदू म्हणजे काय, तो कसा काढतात, किती दुखतं, यातलं काही त्या टीव्हीवर नव्हतं.

मामाला काय चाललंय ते टोपी आणि हिरवा अंगरखा हातात आल्यावर समजलं. मिनिटभराने त्याचं बीपी मोजलं तर वरचा आकडा एकशे नव्वद. सात मिनिटांत तो स्वतःच्या पायाने बाहेर आला. ऑपरेशन रद्द.

टॅक्सी एल्फिन्स्टनच्या बाजूला वळली तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. मग मला म्हणाला, “तपासणीला टोपी घालतात?”

दुसऱ्या वेळी आम्ही सुधारलो. म्हणजे ऑपरेशन आहे हे सांगितलं. पुढचं सांगण्याची जबाबदारी साहेबांनी घेतली. ते आले, त्यांच्यामागून दोन ज्युनिअर आले. साहेबांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आजोबा, अजिबात टेन्शन नाही घ्यायचं. पाच मिनिटांचं काम. बिनधास्त!” आणि गेले.

मामाचा चेहरा पडला.

“काय झालं?” मी विचारलं.

“गडबड आहे,” तो हळूच म्हणाला. “अरे, बाई विचारते, धुतल्यावर रंग जाणार नाही ना? आपल्याला खात्री असली तर आपण सांगतो, पहिल्यांदा थंड पाण्यात, मिठात भिजवा, काठ वेगळा धरा. खात्री नसली की म्हणतो, बिनधास्त न्या ताई. पंचेचाळीस वर्षं मी हेच केलंय.”

बीपी एकशे शहाण्णव.

गंमत म्हणजे घरी बीपी ठणठणीत असायचं. मामी रोज मोजायची, एकशे तीसच्या वर आकडा गेला नाही. गोळी वाढवली तरी दवाखान्याच्या दारात त्याचं बीपी चढणारच, हे आता सगळ्यांना कळून चुकलं होतं. साहेबांनी तिसरी तारीख दिली आणि जरा गंभीर होऊन म्हणाले, की मोतीबिंदू कडक होत चाललाय. या वेळीही जमलं नाही तर मोठ्या हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊन करावं लागेल, आणि यांचं हृदय थोडं अशक्त आहे, तेव्हा ते शक्यतो टाळू या. मामाने हे ऐकलं. परत येताना तो म्हणाला, “राहू दे. दारात बसीन. या ताई, बसा.” त्याने ते म्हणूनही दाखवलं, हात पुढे करून.

तिसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी तपासण्यांचे कागद द्यायला आम्ही गेलो, तेव्हा ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरनी आम्हाला थांबवलं. चाळिशीच्या, बुटक्या, घोडपदेवला राहणाऱ्या. हे मला माहीत, कारण त्याच वेळी त्या फोनवर, घोडपदेवला पोचायला उशीर होईल म्हणून, घरी कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या ते सांगत होत्या. फोन ठेवून त्या मामाला म्हणाल्या, “काका, दोनदा पळालात ना? या इकडे.”

“पळालो नाही. पाठवलं.”

“बरं, पाठवलं. बसा.”

औषधांच्या खोक्यांनी भरलेली छोटी खोली होती. मामी लगेच सुरू झाली, “सिस्टर, ह्यांना जास्त काही सांगू नका, हे उगाच—”

“मावशी, तुम्ही ऐकायचं. बोलायचं नाही. दादा, तुम्ही पण.” दादा म्हणजे मी. मग त्या मामाकडे वळल्या आणि रेशनकार्डाला लागणारी कागदपत्रं सांगावीत तशा आवाजात सांगू लागल्या.

“उद्या पहिल्यांदा डोळ्यात थेंब घालणार. चुरचुरतं. तीन-चार वेळा घालणार, नंतर डोळा बधिर. तुम्ही जागे असणार. झोपेचं इंजेक्शन नाही. डोळा उघडा ठेवायला छोटा चिमटा लावतात, ताणल्यासारखं वाटतं, दुखत नाही. वर मोठा लाइट. त्याच्याकडे बघायचं, पहिलं मिनिट त्रास होतो. मशीनचा आवाज येतो, मिक्सरसारखा नाही, बारीक. मध्येच चढतो. चढला म्हणजे काम चालू आहे, बिघडलं नाही. गार पाणी कानाकडे ओघळेल. ते पाणीच असतं, रक्त नाही. खोकला आला तर आधी सांगा, मग खोका.”

“पाच मिनिटं?” मामाने विचारलं.

“कोण म्हणालं? ऑपरेशन पंधरा मिनिटं. आत तुम्ही पाऊण तास. मावशी, ऐकलंत? पाऊण तास दार उघडणार नाही. मध्ये देव पाण्यात घालू नका.”

“बिघडू काय शकतं?” मामाने विचारलं. मामीने माझा दंड धरला.

सिस्टरनी तेही सांगितलं. पू होऊ शकतो, फार क्वचित, म्हणून नंतरचे थेंब चुकवायचे नाहीत. सूज येते, आठवड्यात उतरते. एखाद्या वेळी भिंग लगेच बसवता येत नाही, मग दुसऱ्यांदा यावं लागतं. “आणि तोंडावर कापड टाकतात. डोळ्यापुरतं भोक. बऱ्याच जणांना तिथेच घाबरायला होतं, बीपी तिथेच चढतं. खाली हवेची नळी असते. करून बघता?”

त्यांनी एक निळं कापड काढलं. मामाने ते आधी चिमटीत धरलं, अंगठ्याने चोळलं आणि उजेडाकडे केलं.

“ह्याला काही अंग नाही,” तो म्हणाला.

“नेसायचंय का तुम्हाला? आडवे व्हा.”

मामा बाकावर आडवा झाला, तोंडावर कापड. सिस्टर शेजारी उभ्या राहून बाटल्या मोजत होत्या. दोन-तीन मिनिटं गेली. मग कापडाखालून आवाज आला.

“सिस्टर, एक विचारू?”

“विचारा की.”

“तो डोळा बाहेर काढून गालावर ठेवतात... तेव्हा तो सुकत नाही?”

मी मामीकडे बघितलं. मामीने माझ्याकडे. आमच्यापैकी कोणीतरी हसलं असतं तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. पण सिस्टरच्या हातातली बाटलीसुद्धा हलली नाही.

“डोळा बाहेर काढत नाहीत काका. आहे तिथेच राहतो. बाजूला एवढीशी चीर देतात, तांदळाच्या दाण्याएवढी पण नाही. त्यातून आतलं धुरकट भिंग बारीक करून ओढून घेतात आणि तिथेच नवीन सरकवतात. कोणी सांगितलं गालावर?”

“आमच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचं झालं होतं. मी लग्नाआधीचा होतो तेव्हा. गालावर ठेवतात, पुसतात, परत बसवतात म्हणाला. त्याला दिसत होतं म्हणाला, स्वतःचा गाल.”

“असं सांगणारे आमच्याकडे पण आहेत. दर महिन्याला दोघं-तिघं विचारतात. बाकीचे विचारत नाहीत, नुसतेच बीपी चढवतात.”

“चौकशी करायची म्हणजे...” मामा कापडाखाली थांबला. “हे दोघं म्हणायचे तपासणी आहे. म्हटलं एवढं लपवतायत, म्हणजे गालावरच ठेवत असणार.”

मी सात-आठशे पुस्तकं वाचलेला माणूस होतो आणि मामाला एका वाक्यात सांगता आलं असतं असं काहीतरी मी दोन महिने लपवून ठेवलं होतं. मामीने पदराने नाक पुसलं आणि कापडाला उद्देशून म्हणाली, “मला विचारायचं नाही होय?”

“तुला काय माहीत होतं?” कापड म्हणालं. हे खरंच होतं. तिलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आत गेला. आम्ही दाराकडे तोंड करून बसलो. सात मिनिटं झाली. दार बंद. दहा झाली. मामी म्हणाली, “अजून आले नाहीत.” हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा आनंदाने म्हटलं असावं. वीस मिनिटांनी तिने डबा उघडून मला वडी दिली. टीव्हीवरचं जोडपं पळत होतं, आज त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पाऊण तासाला तीन मिनिटं कमी असताना दार उघडलं आणि डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावलेला मामा व्हीलचेअरवरून बाहेर आला. चालता येतंय, पण बसवलंय, असं तो सगळ्यांना सांगत होता.

“बीपी किती होतं?” मी विचारलं.

“एकशे बेचाळीस. मशीन दोनदा चढलं. पाणी डाव्या कानात गेलं, उजव्या नाही. साहेब आत गाणं गुणगुणत होते, ते मात्र सिस्टरनी सांगितलं नव्हतं.”

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला फोन केला. आवाजात तक्रार होती. एक डोळा झाकून बघितलं तर घराच्या भिंती पांढऱ्या आहेत, दुसरा झाकला तर चहाच्या रंगाच्या. नवीन डोळ्याला पांढऱ्यात निळ्याची झाक दिसते. रंग दिला तेव्हा त्याने मामीला क्रीम कलर सांगितला होता, आणि पाच वर्षं तो क्रीमच समजत होता. मामीने पांढरा लावून घेतला होता आणि सांगितलं नव्हतं. त्याचं भांडण तिच्याशी झालंच, पण त्याआधी त्याने दवाखान्यात फोन लावून सिस्टरना मागून घेतलं.

“सिस्टर, निळं दिसतं हे राहिलं सांगायचं.”

“हो की हो,” त्या म्हणाल्या म्हणे. “जुनं भिंग पिवळं पडलेलं असतं ना. आठवड्याभरात सवय होते. उद्यापासून सांगते सगळ्यांना.”

डोळ्याला धूळ लागू नये म्हणून महिनाभर दुकानाला सुट्टी होती. महिन्याने मामा गेला तेव्हा कोणाला न विचारता गादीवर जाऊन बसला. शेठने त्याची परीक्षा घेतली, आतून दोन साड्या टाकल्या, ही कुठली आणि ती कुठली. मामाने एका डोळ्यावर तळवा धरून सांगितलं, ही रामा आणि ती मोरपंखी, आणि तिसरी तुझ्या हातात आहे ती काळी नाही. दाराजवळच्या खुर्चीत आता गिऱ्हाइकांचे नवरे बसतात.

दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्यायला मी त्याच्याबरोबर गेलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, मोठ्या साहेबांकडेच हवी ना, त्यांची तारीख जरा लांबची मिळेल.

“डॉक्टर कोणीही द्या,” मामा म्हणाला. “त्या घोडपदेवच्या सिस्टरना सुट्टी कधी आहे तेवढं आधी बघा.”