जुगाराला ‘अंदाज’ म्हणा

मी पत्रकं लिहीत मोठी झाले. पुण्यात कॉलेजच्या गेटवर वाटायची पत्रकं, अडकलेल्या स्कॉलरशिपची, वस्तीतल्या कोरड्या नळांची. तेव्हा एक नियम शिकले होते. पहिल्याच ओळीत सांगायचं, कोण कोणाला फसवतंय. पाल्हाळ नंतर. तर सांगते. गेल्या जानेवारीत मेलबर्नमधल्या आमच्या मराठी रेडिओने आमच्याच माणसांना फसवलं, आणि ज्या मराठीत फसवलं ती मराठी माझी होती.

रेडिओ म्हणजे कम्युनिटी रेडिओ. दर रविवारी दुपारी एक तास मराठीचा. आमच्या आधी ग्रीक, आमच्यानंतर तमिळ. चालवणारे आम्ही तिघं. एक काका, तीस वर्षांपूर्वी इथे आलेले, ज्यांनी हा तास स्टेशनशी भांडून मिळवला. एक ताई, गाणी निवडणारी. आणि मी, बातम्या आणि निवेदनं वाचणारी.

ओपन सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक इंग्रजी स्क्रिप्ट पाठवली. टेनिसच्या मोठ्या स्पर्धेला इथे सगळे नुसतं ‘ओपन’ म्हणतात. स्क्रिप्ट एका बेटिंग अ‍ॅपच्या एजन्सीकडून आली होती. स्पर्धा चालू असेपर्यंत दर रविवारी चार मिनिटांचा ‘प्रिव्ह्यू’ वाचायचा, त्याबद्दल ते आमच्या कार्यक्रमाला स्पॉन्सर करणार. काकांनी खाली लिहिलं होतं, “बेटा, तुझी मराठी धारदार आहे. तूच कर ट्रान्सलेट.”

स्क्रिप्ट मी ट्रेनमध्ये वाचली आणि क्लेटनला उतरायचं विसरले. इतकी ती गोड होती. कोणता डावखुरा चाळीस डिग्रीत टिकतो, कोणाचा गुडघा मागच्या महिन्यात दुखत होता, कोणत्या पोरीचा भाव अजून कुणाच्या लक्षात आलेला नाही. घरातल्या मामाने कानाशी येऊन सांगावं, तसं. तुम्ही हराल, असं त्यात कुठेच नव्हतं. शेवटी कायद्याने घालावी लागते ती इशाऱ्याची एक ओळ होती, आणि तिच्या कडेला शेरा होता: भरभर वाचा.

माझा राग तत्त्वाचा होताच. पण त्याला एक चेहराही होता.

आमच्यात एक दादा आहेत. बुद्धवंदनेला भाड्याच्या हॉलमध्ये येतात, शेवटी सगळ्या खुर्च्या एकटे उचलून ठेवतात, जेवायला थांबत नाहीत. क्लेटनच्या मागे एका लॉन्ड्रीत काम करतात. हॉस्पिटलच्या चादरी तिथे धुतात आणि गरम रोलरमधून इस्त्री करून काढतात. एकदा मी त्यांना घरी सोडत होते, तेव्हा गाडीत त्यांनी आपणहून सांगितलं. आयटी शिकायला आले होते. टेनिसवर पैसे लावायला लागले. कोर्स गेला, घर गेलं, बायको मुलीला घेऊन कॅनबेरात गुंगालिनला भावाकडे गेली.

“टेनिसच का, दादा? आपली माणसं तर क्रिकेटवर लावतात.”

“क्रिकेटमध्ये हरायला वेळ लागतो गं. टेनिसमध्ये दर मिनिटाला हरता येतं.”

ते हसले. “माझा बाप उल्हासनगरला टपरीवर आकडा लावायचा. मटक्याचा. ओपन आणि क्लोज, दोन्ही. मी शिकलो, परदेशी आलो, म्हणून मी नुसतं ओपन.”

सरकारच्या यादीत स्वतःचं नाव घालून त्यांनी स्वतःवर बंदी आणली होती. कुठल्याही बेटिंग कंपनीने या माणसाचं खातं उघडायचं नाही. स्मार्टफोन विकून बटणांचा घेतला. टीव्ही नाही. पबमध्ये जात नाहीत, कारण तिथे भिंतभर स्क्रीन. ट्रेनला बसतात ते खाली बघत, कारण प्लॅटफॉर्मवर त्याच जाहिराती. “या देशात न खेळता एक तास काढायचा तर कुठे काढायचा?” म्हणाले. “तुमचा रविवारचा तास आहे तेवढा. त्यात कोणी मला काही लावायला सांगत नाही.” तेव्हा अकरा महिने झाले होते, एकही पैसा न लावता. जानेवारीच्या सुट्टीत आठवडाभर मुलगी राहायला येणार होती. बायकोची एकच अट होती, बारावा महिनाही तसाच गेला पाहिजे. “कोणाला सांगू नकोस,” गाडीतून उतरताना म्हणाले. मी शब्द दिला.

मंगळवारी ताईच्या किचनमध्ये मीटिंग झाली. मी भाषांतर करून नेलं होतं. वर लिहिलं होतं, ‘जुगार: टेनिस विशेष’.

“हे जुगार काय लिहिलंयस?” काकांनी चष्मा वर केला.

“जे आहे ते.”

“अगं, जुगार म्हटलं की धाड, पोलीस, पत्ते... इथे लीगल आहे सगळं. पैज म्हण.”

“पैज दोन माणसांत लागते, काका. हरतो तो चहा पाजतो. इथे समोर माणूसच नाही.”

“बरं, मग अंदाज म्हण.”

“अंदाज गोड आहे,” ताई म्हणाली. “हवामानाचा अंदाज म्हणतो, तसा.”

“हवामानाचा चुकला तर कपडे भिजतात, ताई. कपडे विकावे लागत नाहीत.”

“आलं हिचं पत्रक!” ताईने माझ्यापुढे चिवडा सरकवला. “खा आधी. उपाशीपोटी क्रांती करू नकोस, नंतर पित्त होतं.”

मी हसले नाही. मी म्हटलं, “आपला एक श्रोता आहे. यातून मोठ्या मुश्किलीने बाहेर पडतोय. त्याला हा एकच तास आहे. आपण तोही घेणार.”

“कोण?” काकांनी विचारलं.

“नाव सांगता येणार नाही.”

“म्हणजे असा कोणी नाही.”

“आहे.”

“मग सांग ना. आत्ता फोन लावून कॅन्सल करतो. माझं काय जातंय? पण ‘एक श्रोता’, ‘एक माणूस’... बेटा, हे पत्रकात चालतं.”

माझ्याकडे होता तो एकच मुद्दा, आणि तो मला टेबलावर ठेवता येत नव्हता. आमचा समाज केवढा? इथे चहा संपायच्या आत नाव सिडनीत क्वेकर्स हिलला पोचतं, रात्रीपर्यंत गुंगालिनला. नावाशिवाय पत्रक निघतं. नावाशिवाय मीटिंग जिंकता येत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

मग मी तडजोड केली. काकांना शिव्या घालायच्या आधी हे लिहून ठेवते, कारण ते मी केलं. मी म्हटलं, ठीक आहे, वाचते. शब्द ‘अंदाज’च राहू दे. पण आधी एक इशारा देईन, माझ्या भाषेत, सावकाश. काका म्हणाले, दे. मला वाटलं, जिंकले. निदान त्याला रेडिओ बंद करता येईल.

रविवारी माइकसमोर म्हणाले, “यानंतर चार मिनिटं जुगाराची जाहिरात आहे. ज्यांना नको असेल त्यांनी चार मिनिटं रेडिओ बंद ठेवावा.” काचेपलीकडे काकांनी कपाळावर हात मारला. आणि मग मी ती स्क्रिप्ट वाचली. उत्तम वाचली. वाक्य कुठे तोडायचं, श्वास कुठे घ्यायचा, कुठल्या शब्दावर माणूस मान वर करतो, हे सगळं मी वस्तीत चौकाचौकात उभी राहून शिकले होते. ते सगळं त्या डावखुऱ्याच्या कामी आलं.

एरवी आम्हाला तासात दोन फोन येतात. त्या दिवशी पाच आले. तक्रारीचा एकही नाही.

“मॅडम, तो गरमीत टिकणारा, त्याचा भाव किती म्हणालात? ड्राइव्ह करत होतो, लिहून घेता आलं नाही.”

एक आजी म्हणाल्या, “काय छान सांगतेस गं! नातू तासन्‌तास बघतो ते काय असतं, ते आज कळलं. त्याला म्हटलं, मलाही लावून दे थोडे.”

मी ‘जुगार’ म्हटलं होतं, स्वच्छ, स्टुडिओच्या माइकवर. कोणालाही काहीच टोचलं नाही. उलट तो इशाराच जाहिरातीची घंटा झाला. शब्द खरा वापरला की काम झालं, असं मला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं. खोटं काम खऱ्या शब्दाला सहज पचवतं.

सोमवारी लॉन्ड्रीवर गेले. दादा रोलरच्या तोंडाशी ओल्या चादरी सरळ करून सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“ऐकलं का?” मी विचारलं.

“बंद केला. तू सांगितलंस ना.”

“बरं झालं.”

“काय बरं झालं?” ते म्हणाले. “तू म्हणालीस, चार मिनिटं. मी इथेच रोलरपाशी घड्याळ लावून उभा. आत काय चाललं असेल? कोणाचं नाव घेत असशील? पहिल्या राउंडला कोण कोणाशी? अकरा महिन्यांत मी ड्रॉ बघितला नव्हता. बंद रेडिओसमोर उभं राहून अख्खा ड्रॉ मनात मांडला. दोन चादरी जळाल्या माझ्या.”

मी म्हटलं, पुढच्या वेळी मी कार्यक्रम रेकॉर्ड करते, तेवढा भाग कापून देते, पेनड्राइव्हवर.

“नको. कुठे कापलंय ते मला बरोबर कळेल.”

मग मी त्यांना मीटिंगचं सांगितलं, काकांनी नाव मागितलं ते आणि मी दिलं नाही ते. मी निघताना त्यांनी विचारलं, “तुमची मीटिंग कधी असते?”

मंगळवारी दारावरची बेल वाजली तेव्हा ताईला वाटलं, कुरियर आहे. दादा कामाच्या कपड्यांत आले, चपला बाहेर काढल्या, खुर्ची नाकारली. उभ्या उभ्या म्हणाले, “ही ज्या माणसाचं नाव सांगत नव्हती, तो मी.” आणि सांगितलं. कोर्स, घर, बायको, मुलगी, यादी, बटणांचा फोन. तीन-चार मिनिटं लागली असतील. एकदाही रडले नाहीत. ताई रडली.

काका उठले, त्यांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “अरे, मग आधी सांगायचं ना!”

या वाक्याचा राग माझ्या अजून अंगात आहे. काका वाईट नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे एजन्सीला फोन लावला, जाहिरात रद्द केली, एकही अट न घालता. पण आधी सांगायचं म्हणजे काय? एका वाईट कामाला नाही म्हणायला आपल्याला कोणाचं तरी घर जळालेलं, त्याने स्वतः येऊन, उभं राहून दाखवावं लागतं का? तो आला नसता तर ती चार मिनिटं चांगली होती? आणि जे येणार नाहीत, ज्यांना बटणांचा फोन घ्यायचं अजून सुचलेलंही नाही, त्यांचं काय? हे सगळं मी बोलले. ओरडून बोलले. ताई म्हणाली, “झालं ना आता तुझ्या मनासारखं?” काका म्हणाले, “हिला जिंकलेलंही चालत नाही.” दादांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात ‘बास’ होतं. मग ते चपला घालून निघून गेले, कारण शिफ्ट होती.

जाहिरात गेली. गोष्ट राहिली. ताई शपथेवर सांगते की तिने फक्त एका मैत्रिणीला सांगितलं. शुक्रवारपर्यंत सगळ्यांना माहीत झालं. कोणी कुजबुजलं नाही. कुजबूज परवडली असती. सगळे प्रेमाने वागायला लागले. दोघांनी त्यांच्या दारात डबे नेऊन ठेवले. एकाने त्यांना ध्यानाच्या शिबिराचा फॉर्म भरून पाठवला. बायकोला गुंगालिनमध्ये चार बायकांनी फोन करून सांगितलं, तुझा नवरा किती सुधारलाय. तिने घाबरून मुलीचं येणं एक आठवडा पुढे ढकललं. तिला वाटलं, इतके लोक सांगतायत म्हणजे नक्कीच काहीतरी घडलंय.

रविवारी कार्यक्रमाच्या मध्यावर एक फोन आला. मी तो थेट प्रसारणात घेतला, नेहमीप्रमाणे. बाई म्हणाल्या, “आपल्या समाजातले एक दादा आहेत, नाव घेत नाही, पण सगळे ओळखतो. त्यांच्या हिमतीला माझा सलाम. त्यांच्यासाठी एक गाणं लावा, जिद्दीचं.” मला काही सुचायच्या आत ताईने गाणं सुरू केलंही होतं. मोठा ऑर्केस्ट्रा, वादळ, नाव, किनारा, सगळं असलेलं.

अर्ध्या मिनिटात फोनचा दिवा लागला. हा फोन मी हेडफोनवर घेतला. मागे रोलरचा आवाज येत होता.

“गाणं थांबव,” दादा म्हणाले.

“हो.”

“मी ऐकत होतो. नीट चालला होता तास. मला काही सलाम-बिलाम नको. तुझं ते नेहमीचं वाच ना, भाड्याच्या खोल्यांचं. काहीही वाच.”

मी आवाजाचा फेडर खाली ओढला. गाणं किनाऱ्याला लागायच्या आत तुटलं. काचेपलीकडे काका आणि ताई दोघंही हात हलवत होते, काय झालं, काय झालं. मला राग आला होता, आणि या वेळी तो ओतायला समोर पत्रकाचा कागदसुद्धा नव्हता. मी निवेदनांची वही ओढली, माइक उघडला आणि वाचायला लागले. क्लेटन स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर एक खोली रिकामी आहे. वीज-पाणी धरून भाडं. किचन शेअर. शाकाहाराची अट नाही. ज्यांना हवी असेल त्यांनी कार्यक्रमानंतर रेडिओ स्टेशनला फोन करावा.