तंबू टॉकीज आणि सुधाकरचा हात

संध्याकाळचे सात. परभणीहून येलदरीकडे जाताना लागणाऱ्या एका गावचा माळ. माळावर तंबू टॉकीज, बाहेर पोलिसांची जीप. आणीबाणीतला आमचा प्रत्येक पिक्चर असाच सुरू व्हायचा. त्या तंबूचे किस्से इतके साचलेत की एक सांगायला घेतला की बाकीचे आपणच रांगेत येऊन उभे राहतात. त्यातले काही हसण्यासारखे आहेत.

*

खेळाआधी सरकारी कामगिरीची फिल्म सक्तीची. तेवढा वेळ माझा कॉलेजातला दोस्त सुधाकर चहाला बाहेर. एकदा जमादाराने हटकलं, "काय रे, सरकारची प्रगती बघवंना का तुला?"

"लय बघितली, जमादारसाहेब. आता डोळे मिटले तरी दिसायलीय!"

*

मी तेव्हा परभणीच्या एका साप्ताहिकात नवा बातमीदार. तंबूवर एक साधा लेख लिहिला. छापण्याआधी मजकूर तपासणाऱ्या अधिकाऱ्याने 'तंबूत अंधार झाला' हे वाक्यच खोडलं.

"अहो, अंधाराशिवाय पिक्चर दिसणार कसा?"

"ते तुमचं तुम्ही बघा. या जिल्ह्यात सध्या अंधार नाही!"

*

पडदा तंबूच्या मधोमध. मशीनच्या बाजूला पुरुष, पडद्यामागे बायका. कापड पातळ, त्यामुळे पिक्चर दोन्हीकडे दिसायचा. मागून मात्र उलटा, आरशात बघितल्यासारखा. शाळेतल्या मास्तरांची नलू मागे बसायची. सुधाकर आल्याची तिला खूण एकच. पहिलं गाणं लागलं की तो उठून हात वर करायचा. हिरॉइनच्या गालावर पाच बोटांची सावली!

"बस की खाली, मुडद्या!" पब्लिक ओरडायचं. पलीकडे नलूच्या बांगड्या वाजायच्या.

सगळं प्रेम एवढंच. शेजारी बसून त्या दोघांनी एकही पिक्चर पाहिला नाही.

*

एका रविवारी खेळ चालू असताना कुणीतरी तहसीलच्या भिंतीवर सरकारविरोधी पत्रकं चिकटवली. सकाळी पोलिसांनी सुधाकरला उचललं. दुपारी नलू माझ्याबरोबर ठाण्यात आली. मास्तर मागोमाग ओरडत आले, "नलू, माघारी फिर! लग्न जुळायचं नाही तुझं!"

ती थांबली नाही. साहेबाला म्हणाली, "तो तंबूतच होता. मी त्याच्या हाताची सावली बघितली."

साहेब हुशार. त्याने दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, "शेवटी हिरो पिस्तूल कोणत्या हातानं फेकतो?"

सुधाकर म्हणाला, "उजव्या."

नलू म्हणाली, "डाव्या."

"दोघांपैकी एक जण खोटं बोलायलाय," साहेब म्हणाला.

मी भडकलो. "कुणीच खोटं बोलत नाही! तंबूत चला आणि पडदा दोन्ही बाजूंनी बघा."

"बातमीदार, सध्या एकच बाजू बघायची असते!"

तंबू ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर होता. बघायला कुणीही गेलं नाही.

*

सुधाकर सुटला तो निवडणुकीनंतर. नलू एसटी स्टँडवर सगळ्या गावासमोर उभी होती. तो उतरला आणि तिच्या शेजारून पुढे गेला. त्या बाजूच्या डोळ्याने त्याला दिसत नव्हतं.

"कशानं झालं रे?" तिने विचारलं.

मी ठाण्यात विचारलं. उत्तर मिळालं, "पळून जायलता, ठाण्याच्या पायऱ्यांवरून पडला."

ते ठाणं तेव्हा भाड्याच्या गोदामात होतं. बैलगाडी थेट आत जायची. तिथे एकही पायरी नव्हती.