चौसष्ट प्रश्नांची तयारी

खळ घातलेल्या साडीवर इस्त्री फिरली, की त्या वासाने राइट टाउनमधल्या एका शाळेचं फाटक आठवतं. अकरा वर्षं घर सांभाळून बायको पुन्हा शिक्षिकेच्या नोकरीसाठी मुलाखतीला निघाली होती. मी वहीत चौसष्ट प्रश्न लिहिले आणि आठ दिवस घड्याळ लावून तिच्याकडून उत्तरं घोटून घेतली. मटार सोलता सोलता ती म्हणायची, “आता पुरे करा जी, थकली मी.” मुलाखत आटोपून, खळीची साडी नेसलेली ती शाळेच्या फाटकाबाहेर ऑटोत माझ्याशेजारी बसली. “काय विचारलं?” “सारं वहीतलंच. शेवटी मॅडम म्हणाल्या, अकरा वर्षं घरी काहून बसल्या?” “अन् तू काय सांगितलंस?” “म्हटलं, हे मला घरी कोणी विचारलंच नाही, म्हणून उत्तर तयार नाही.” नोकरी तिला मिळाली. मी मात्र ते तिला अजूनही विचारलेलं नाही.