सर्व्हरवर परत आलेली नावं

सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे किस्से साठतच जातात, कारण प्रत्येक किश्श्यात कुणीतरी जाम घाबरलेलं असतं आणि घाबरलेला माणूस काही विसरत नाही. चंद्रपूरच्या आमच्या ऑफिसात आम्ही चौघं होतो. मालक प्रभाकरभाऊ, प्रोग्रॅम लिहिणारा विलास, फोन सांभाळणाऱ्या शोभाबाई आणि मी. तेव्हा दोन हजारचं दशक संपत आलं होतं. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या रक्तदात्यांची वेबसाईट आम्ही चालवायचो. शोभाबाईंच्या मुलीला, मीनाला, सिकलसेल हा रक्ताचा आजार होता, तिला अधूनमधून रक्त लागायचं. साईट बंद पडली की सगळ्यात आधी बाईंचा चेहरा उतरायचा. विलासला मात्र सुईचं भारी भय. रक्तदान शिबिरात तो दाराबाहेर उभा राहूनच काम करायचा.

*

साईट होती भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर, म्हणजे लांबच्या कंपनीच्या मोठ्या मशीनमधल्या आपल्या कप्प्यात. कंपनी रोज आपोआप बॅकअप घ्यायची. शिवाय हवा तेव्हा आपण स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे सर्व्हर त्या क्षणी जसा आहे तशी अख्खी नक्कल. भाऊ मूळचे राइस मिलवाले. आपला माल दुसऱ्याच्या गोदामात, हे त्यांना कधी पटलंच नाही.

एकदा लाईट गेली आणि भाऊ पांढरेफटक पडले. "गेला सर्व्हर."

"भाऊ, तो इथी नाईच," विलास म्हणाला.

"म्हणूनच तं भेव लागते."

*

विलास एक जादा सर्व्हर काढून टाकत होता. बटण दाबणार इतक्यात मला खालची बारीक ओळ दिसली, 'सर्व्हरसोबत त्याचे सगळे बॅकअपही जातील.' वर बघतो तर त्याने चालू सर्व्हरच निवडलेला! विलास खुर्चीसकट मागे सरकला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

भाऊंनी लगेच सगळ्याची सीडी करायला लावली. ती त्यांनी पोंभुर्ण्याला घरी नेऊन धानाच्या ढोलीत, म्हणजे मोठ्या कणगीत, खुपसून ठेवली, कारण कोरडी जागा. महिन्याने काढली तर उंदरांनी कडेने कुरतडलेली. पुन्हा आम्ही कंपनीच्या भरवशावर.

*

स्नॅपशॉट परत चढवला की त्यानंतरचं सगळं पुसलं जातं. त्यामुळे 'रिस्टोअर' दाबायला कुणी धजत नसे. विलास आलापल्लीकडचा. त्याच्या गावात घराचं आडं, म्हणजे छपराचा मधला मोठा वासा, चढवताना सगळे हात लावतात. आडं पडलंच तर दोष एकट्यावर येत नाही. तीच रीत त्याने ऑफिसात आणली. माऊसवर भाऊंचा हात, त्यावर बाईंचा, मग माझा, सगळ्यात वर विलासचा. दाबताना चारही तळवे ओले असायचे.

*

एकदा असंच रिस्टोअर केलं आणि शोभाबाईंनी सिंदेवाहीच्या एका मास्तरांना फोन लावला. नेहमी रक्त देणारा माणूस. फोन त्यांच्या बायकोने घेतला.

"ते जाऊन लय दिवस झाले, बाई," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुमच्या इथी अजून हायेत का?"

त्यांचं नाव आम्ही कधीच काढलं होतं. स्नॅपशॉट त्याआधीचा होता. बाईंनी रिसीव्हर ठेवला आणि मास्तरांचं नाव मलाच पुन्हा काढायला लावलं. मलाही तो स्क्रीन बघायची भीती वाटायला लागली.

*

आणि मग ती दिवाळी. सुट्टीआधी विलासने साफसफाईचा एक प्रोग्रॅम चालवला. त्यात प्रत्येक दात्याचा रक्तगटच पुसला गेला. ऑफिस बंद, कुणाला पत्ता नाही. कंपनी फक्त शेवटच्या काही दिवसांचे बॅकअप ठेवायची, आणि ते सगळे रक्तगट गेल्यानंतरचे. उघडलं तेव्हा मीना दवाखान्यात होती. बी निगेटिव्ह हवं होतं आणि रक्तपेढीत ते नव्हतं. तिच्या नेहमीच्या दात्याने नुकतंच रक्त दिलेलं, तीन महिने त्याला पुन्हा देता येणार नव्हतं.

उरला होता एकच स्नॅपशॉट, साईट नवी असतानाचा; नंतरचे जागा वाचवायला आम्हीच पुसले होते. चौघांनी हात ठेवले. बाईंचा हात गार पडला होता.

साईट उभी राहिली. बी निगेटिव्ह शोधलं. एकच नाव आलं. विलासचं.

"हे तं टेस्टिंगचं हाय ना रे?" भाऊंनी विचारलं.

विलासने मान डोलावली. फॉर्म चालतो का बघायला त्याने स्वतःचं नाव टाकून मनाला येईल तो गट भरला होता. मग ते पुसलंही होतं. तेच परत आलेलं.

"तुया खरा गट कोणता हाय?" बाईंनी विचारलं.

"मले मालूम नाई, बाई. कधी तपासलाच नाई."

बाईंनी त्याचं मनगट धरलं ते दवाखान्यात जाईपर्यंत सोडलं नाही. आम्ही मागोमाग. तिथल्या माणसाने विलासच्या बोटाला सुई टोचली, काचेवर थेंब घेतले, बघितलं, पुन्हा एकदा बघितलं.

"बी निगेटिव्ह," तो म्हणाला.

भाऊ मटकन बाकावर बसले. मोठी सुई आली तेव्हा विलासने डोळे गच्च मिटले.

"बाई," तो म्हणाला, "माया हात सोडू नका."